मथुराअक्काला काय येत नव्हतं

आमच्या गल्लीतल्या ज्या पोरी आता सासवा होऊन बसल्यात, त्या सगळ्या वेणी घालायला मथुराअक्काच्या डोक्यावर शिकल्या. माझी लेकसुद्धा. सकाळी अक्का ओट्यावर येऊन बसायची, मांडीवर फणी, बाजूला तेलाची बाटली, आणि समोरून जी पोर जाईल तिला हाक: "ये व. तुले तीन पेडी येस का? नही ना? मंग बस, शिक."

पोरींना काय, मोठा मान वाटायचा. आपली आईसुद्धा डोकं कुठं हातात देते? अक्का देत होती. पोर केस ओढायची, भांग वाकडा पाडायची, अक्का खाली मान घालून शिव्या द्यायची. "हाई वेणी शे का बकरीनी शेपटी?" असं म्हणायची, पण सोडून घ्यायची नाही. ती वाकडी वेणी दिवसभर पाठीवर मिरवायची. कुणी हसलं तर सांगायची, अमक्याच्या पोरीनं घातली, पहिलीच आहे, पुढची बरी येईल.

आमचं गाव पारोळ्याकडून अमळनेरला जाताना लागतं. त्या वेळी गल्ली म्हणजे समोरासमोर घरं, मध्ये गाडी जाईल एवढी वाट, आणि टोकाला अक्काची खोली. पुढं ओटा, ओट्याला लागून चूल. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. माझ्यापेक्षा वयानं बरीच मोठी. मला नावानं हाक मारायची, लीला म्हणून. मी सून होऊन आले तेव्हा मला धड अक्षरं येत नव्हती. ती मी पोरांच्या पुस्तकांतून आणि पुड्यांच्या कागदांवरून जमवली. ते तिला फार आवडायचं. कुणाचंही पत्र आलं की ती मला ओढत न्यायची, जसं काही तिनंच मला शाळेत घातलं होतं.

बाजाराच्या दिवशी तिची आणखी एक गंमत असायची. पिशवी कोपरात अडकवून यायची, तोंडाला घट्ट गाठ मारलेली. ओट्यावर पोरं जमली की विचारायची, ही गाठ कोण सोडतो, पाहू. लागायचीच झुंबड. जो सोडेल त्याला लिमलेटची गोळी, आणि गोळी डब्यातून त्यानंच काढायची. अक्का तोंड फिरवून बसायची, म्हणायची, मी पाहत नाही, तुझा तू काढ. पोरं एकेकदा दोन काढायची. त्यांना वाटायचं अक्का दिलदार आहे. दिलदार ती होतीच. पण डब्याचं झाकण तिला उघडत नव्हतं, हे त्या वयात कुणाच्या ध्यानात येणार?

आणि माझं म्हणाल तर, सकाळी चहाच्या वेळेला ती मागच्या दारानं माझ्या स्वयंपाकघरात यायची. समोर उभी राहायची, माझ्या डोक्यावरच्या फळीकडे पाहत गवारीचा भाव सांगायची, कुणाच्या म्हशीला काय झालं ते सांगायची, आणि मी तिच्या पोलक्याचे हूक लावायची. लावून झाले की पदर ओढून ती खाली बसायची आणि चहा. इतकी वर्षं हे चाललं, पण त्या हुकांबद्दल ना ती एक शब्द बोलली ना मी. पहिल्या दिवशी कसं सुरू झालं तेसुद्धा मला आठवत नाही.

आता हातांचं सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई कोड्यात बोलते. लग्न होऊन अक्का धुळ्याला गेली. नवरा तिथल्या एका कापसाच्या जिनात कामाला होता, तीही जायला लागली. सरकी काढायच्या यंत्रात कापूस अडकला, तो ओढायला तिनं डावा हात घातला. तो सापडला म्हणून सोडवायला उजवा घातला. डाव्याची तीन बोटं अर्ध्यातून गेली, उरलेली तळव्यात मिटून बसली ती बसली. उजव्याची पाचही राहिली, पण कोयत्यासारखी वाकडी. उघडतही नाहीत, मिटतही नाहीत. दुरून पाहिलं तर उजवा हात चांगला वाटायचा. ती स्वतः ही हकिगत एका ओळीत सांगायची: "मी कापूस ओढाले गयी, कापूसनी माले ओढं." आणि दुसरं बोलणं काढायची.

पण तिच्या हातांना दुसऱ्यानं नाव ठेवलेलं खपायचं नाही. एकदा एक नवा भाजीवाला तिला थोटी म्हणाला. अक्कानं त्याची टोपली कोपरांच्या मध्ये धरून सरळ डोक्यावर ठेवली आणि गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन ठेवली. तो मागनं धावतोय, बाया ओट्यावरून हसतायत. टोपली खाली ठेवून म्हणाली, आता थोटीनं आणली ती तू दोन हातांनी परत ने.

मतदानाला गेलो होतो तेव्हाचं तर मी किती जणींना सांगितलंय. शाई लावणारा मास्तर तिच्या हाताकडे पाहत बसला. नियमात जे बोट सांगितलंय ते सापडेना. तो पुस्तकात पाहायला लागला. मागे रांग खोळंबली. अक्का त्याला म्हणाली, "मास्तर, शे त्याले लाव. जे नही ते मत देवाले उनं नही." मास्तरांनी हसत हसत वाकड्या करंगळीला शाई लावली. पुढं कितीतरी दिवस ती करंगळी सगळ्यांना दाखवत फिरत होती.

आणि तिचे मांडे. खान्देशातल्या वाचकाला मांडा काय ते सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. पुरणपोळीच, पण लाटायची नाही. पुरण भरलेला गोळा हातावर घ्यायचा आणि या हातावरून त्या हातावर फिरवत फिरवत मोठा करायचा. मनगट, मग कोपर, असा तो वाढत जातो, रुमालासारखा पातळ होतो. मग पालथ्या खापरावर टाकायचा. बोटं लावली की फाटतो. चांगल्या चांगल्या बाया बोटं आवरता न आल्यामुळं मांडा फाडतात. अक्काला ती अडचण नव्हती. तिचे हात दोन वल्ह्यांसारखे चालायचे. मांडा तिच्या कोपरावरून असा उतरायचा की पलीकडचा जाळ त्यातून दिसावा. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घराघरातून तिला बोलावणं. ती जायची, आणि मांड्याचे पैसे विचारले तर रागवायची.

गव्हाचं पीठ दुसरीनं तिंबायचं, पुरण तिसरीनं वाटायचं, गोळा भरून चौथीनं तिच्या हातावर ठेवायचा. पण ते काही तिच्या हातांमुळं नव्हे. मांड्यांना चार बाया लागतातच, सगळ्यांच्या घरी. त्यामुळं कुणी ते कधी मोजलंच नाही.

तर नव्वद सालच्या आगेमागेची गोष्ट. अक्काला निराधारांचं सरकारी अनुदान मिळत होतं. फार नव्हतं, मीठ-मिरची, रॉकेल, चहासाखर. रेशनचे गहू त्यातच आणायची, जळण पोरं शेतातून आणून द्यायची. त्यावर तिची खोली चालायची. त्या वर्षी वरून हुकूम आला की सगळ्या अपंगांची फेरतपासणी करायची. आमचे तलाठी, त्यांना सगळे आप्पा म्हणायचे, येऊन सांगून गेले. अक्का, आमच्या वरचे सर्कलसाहेब घरी येणार आहेत तुला पाहायला. तू घरीच राहा. काही करू नको, बसून राहा.

आप्पांनी एवढं नीट सांगितलं, पण अक्कानं त्यातलं एकच ऐकलं. साहेब घरी येणार.

अखाजी तोंडावर आलेली. उन्हाचा नुसता वणवा. मी म्हटलं, अक्का, आप्पा काय म्हणाले ऐकलंस ना, बसून राहा म्हणाले. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू तिला चोरी करायला सांगितली. "दारमां पाव्हना येस आनि मी बठी राहू?" झालं. सकाळपासून आम्ही चौघी तिच्या चुलीपाशी. एक पुरण वाटतेय, एक पीठ तिंबतेय, मी गोळे भरतेय. आंब्यांचा रस बादलीत. आणि खरं सांगते, आमच्यातल्या एकीच्याही मनात आलं नाही की आपण काय करतोय. पाहुणा येणार, मांडे करायचे, यात विचार करण्यासारखं काय?

सर्कलसाहेब आले ते धुळीनं भरलेले. चांगला माणूस होता, मी त्याला कधी वाईट म्हणणार नाही. ओट्याखाली उभे राहून पाहतच राहिले. अक्काच्या हातांवर मांडा फिरत होता, मनगटावरून कोपरावर, कोपरावरून मनगटावर. पायरीवरच बसले, पोटभर जेवले. माझी आजी असे मांडे करायची म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. निघताना अक्काला वाकून नमस्कार केला.

आणि कागदावर त्यांनी जे पाहिलं ते लिहिलं. अर्जदार दोन्ही हातांनी मांडे करताना समक्ष पाहिले.

अनुदान बंद झालं. पोस्टमन नुसताच पुढं जायला लागला तेव्हा अक्कानं मला तालुक्याच्या कचेरीत नेलं. तिथं मी तो शेरा वाचून दाखवला. अक्का आधी हसली. म्हणाली, साहेबांना मांडे आवडले म्हणायचे. मग कचेरीच्या पायरीवर बसली आणि एस.टी.ची वेळ झाली तरी उठेना.

हे असं बसण्याचं कारण मला ठाऊक होतं. तिचा दीर अमळनेरला होता. माणूस सज्जन. त्याला कळल्याबरोबर तो आला. वहिनी, आता चला, म्हणाला, दोन भाकरींचं आम्हाला ओझं नाही. यात खोटं काहीच नव्हतं. पण अक्का नवरा गेल्यावर त्या घरी एक पावसाळा राहून आलेली. तिथं तिला कुणी कशाला हात लावू देत नव्हते. जाऊ पुढ्यात ताट घेऊन बसायची आणि घास भरवायची. पाहुणे आले तरी भरवायची. प्रेमानंच. एक दिवस अक्का कुणाला न सांगता एस.टी.त बसून गावी आली, ती पुन्हा गेली नाही. आता अनुदान नाही म्हटल्यावर खोली कशी राखणार? दीर म्हणाला, पोळ्यापर्यंत थांबतो, मग मी न्यायला येतो.

आप्पा तलाठ्यांना फार लागलं. त्यांनीच पुन्हा अर्ज करायचा फॉर्म आणून दिला आणि मला म्हणाले, वहिनी, तुमचं अक्षर बरं आहे, तुम्ही भरा. सोबत हातांचे जे काही डॉक्टरी कागद असतील ते लावा.

डॉक्टरी कागद म्हणजे अक्काच्या पेटीत एक पिवळी चिठ्ठी होती. तिच्यावर धुळ्याच्या कुण्या डॉक्टरांचं नाव, एका मलमाचं नाव, बाकी पुसलेलं. हात या शब्दाचा पत्ता नाही. मग आम्ही दोघी धुळ्याला गेलो. जिनाला कुलूप. तिथल्या जुन्या मुनिमाला गाठलं तर तो म्हणाला, बाया मुकादमाच्या खाती असायच्या, जिनाच्या हजेरीत त्यांची नावं नसायची. ज्या दवाखान्यात बोटं काढली तिथं कळलं की जुने कागद एका पावसाळ्यात छत गळून कुजले. मलमपट्टी करणारे डॉक्टर वारलेले. त्यांचा कंपाउंडर तेवढा भेटला. म्हातारा झालेला, औषधांच्या दुकानात बसलेला. अक्का बोलायला लागली आणि त्यानं मान वर केली. तिचा आवाज ओळखला त्यानं. तो मला सांगत होता, ही पोर रडली नव्हती. पट्टी करताना मला विचारत होती, हा कापूस आमच्या जिनचा आहे का. अक्का लाजली. तिथून निघालो तेव्हा आमच्याकडे एवढंच होतं, एका म्हाताऱ्याची आठवण. तिला शिक्का नाही.

घरी येऊन फॉर्म भरायला बसलो. मी चष्मा लावला, पेन घेतलं. एका रकान्यात विचारलं होतं की अर्जदाराला स्वतःची कोणती कामं करता येत नाहीत.

मी विचारलं, "स्वयंपाक?"

"येस."

"पाणी भरणं?"

"येस. कोपरमा कळशी अडकाडस मी."

"कपडे घालणं?"

"मंग काय नागडी फिरस का व गावमां?"

मी तिच्याकडे पाहिलं. तिनं फळीकडे पाहिलं. सकाळी हूक मीच लावलेले होते. म्हटलं, अक्का, येत नाही ते सांगायचंय इथं. "माले बठ्ठं येस," ती म्हणाली, आणि शेंगदाण्यांचं सूप कोपरांत धरून पाखडायला लागली, तेही मला दाखवायला. मी पेन बंद केलं. तो रकाना तसाच राहिला.

मी आप्पांना जाऊन सांगितलं. त्यांनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, डॉक्टरचा कागद नाही, ती स्वतः बोलत नाही, तर मग शेजाऱ्यांना विचारू. पंचनामा करतो. डॉक्टरांची समिती मानेल की नाही ठाऊक नाही, पण कोरा फॉर्म पाठवण्यापेक्षा बरं. पण एक अट घातली त्यांनी, जे ज्यानं स्वतः केलंय तेवढंच सांगायचं. वाढवून सांगाल तर मी लिहिणार नाही.

दुपारी गल्लीतल्या बाया अक्काच्या ओट्यावर जमल्या. आप्पा घोंगडीवर, पुढं कागद. अक्का चुलीपाशी सगळ्यांकडे पाठ करून बसलेली, तांदूळ निवडायचं सोंग करत. आता कसं बोलणार सांगा. माणसाच्या तोंडावर त्याचं उणं मोजायचं, तेही जिनं आयुष्यभर ते झाकलं तिच्या. आप्पांनी पेनाचं टोपण काढलं, घातलं, पुन्हा काढलं.

सिंधू म्हणून समोरच्या घरची लेक होती, बाळंतपणाला माहेरी आलेली. शेवटी तीच बोलली. "आप्पा, लिहा. अक्काची वेणी मी घालते. लहान होते तेव्हापासून. आत्ता आले तरी रोज घालते." मग अक्काकडे वळून हळूच म्हणाली, "अक्का, मला वेणी येऊन कितीतरी वर्षं झाली. तरी तू मला शिक म्हणतेस आणि मी शिकते."

अक्काचा हात तांदळांवर थांबला.

मग एकेक जण बोलायला लागली. कुणी म्हणाली, चाळणीनं पीठ मी चाळून देते, ती म्हणते माझी चाळण फाटली. कुणी म्हणाली, सुई-दोरा माझ्याकडे आणते, म्हणते, तुझी नजर तपासते. डब्यांची झाकणं, पिशवीच्या गाठी, नखं काढणं, तापात गोळीचं पाकीट फोडणं. आणि नवल म्हणजे प्रत्येकीला वाटत होतं, हे एवढंच आपण करतो, बाकी सगळं अक्काचं अक्का करते. कुणाला दुसरीचं ठाऊक नव्हतं. जिला जे दिलं होतं ते खेळ म्हणून, शिकवणं म्हणून, नाहीतर उलट तिच्यावर उपकार म्हणून दिलं होतं. आम्ही एकमेकींची तोंडं पाहत होतो. माझी पाळी आली तेव्हा मी हुकांचं सांगितलं, खाली पाहून.

आप्पांनी लिहिलं आणि नियमाप्रमाणे सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. अर्जदार बाईस केस विंचरता येत नाहीत. कपड्यांस हूक लावता येत नाहीत. गाठ सोडता येत नाही. झाकण उघडता येत नाही. तो सरकारी कागद, त्यात एकेक वाक्य दगड ठेवल्यासारखं. मला वाटलं, आता ही उठेल आणि आम्हा सगळ्यांना ओट्यावरून हाकलून देईल. आयुष्यात पुन्हा माझ्या दारी यायची नाही.

ती उठली. आप्पांच्या समोर येऊन बसली.

"आप्पा, एक ऱ्हायनं. लिख." आवाज अगदी साधा, बाजाराचा भाव सांगावा तसा. "माले दारनी कडी लावता येत नही. पायघाई पाटा लोटस दारले, आनि जपस."

जपस म्हणजे झोपते. मसाला वाटायचा दगडी पाटा पायानं दाराशी ढकलून ती झोपत होती. एकटी बाई, गल्लीच्या टोकाची खोली, नवरा गेल्यापासून. आम्ही शेजारणी, भिंतीला भिंत लागलेली. कडीसाठी तिला खेळ सापडला नव्हता. कारण ती आतून लावायची असते, आणि आत दुसरं कुणी नसतं.

आप्पांनी मान वर न करता ते लिहिलं. खाली आम्ही सह्या केल्या, कुणी अंगठे दिले. त्याच संध्याकाळी माझे मालक सुताराला घेऊन गेले आणि अक्काच्या दाराला आतून लाकडी अडसर बसवून आले, कोपरानं लोटला की खाचेत बसणारा. अक्कानं तो लोटून पाहिला, काढून पाहिला, पुन्हा लोटून पाहिला. मालकांना चहा विचारला. साखर तुमची तुम्हीच घाला म्हणाली, डबा उघडत नाही मला. मालक घरी येऊन मला म्हणाले, आज ती असं कसं बोलली?

मग जळगाव. डॉक्टरांच्या समितीपुढं जायचं होतं. तिथं ही गर्दी, काठ्या, कुबड्या, पाठीवर आणलेली माणसं. आमचा नंबर लागला तेव्हा मध्ये बसलेला डॉक्टर तरुण होता, त्यानं आधी सर्कलसाहेबांचा शेरा वाचला, मग तो पंचनामा. पंचनामा वाचायला त्याला वेळ लागला. हातांचा एक्स-रे फोटो काढून आणायला सांगितलं. तो आला, त्यानं उजेडाला धरून पाहिला. मग म्हणाला, आजी, हाडांचं मला दिसतंय. पण इथं लिहिलंय तुम्ही मांडे करता. ते कसं?

मी मनात म्हटलं, झालं, आता ही कोपरं पुढं करून दाखवणार.

अक्का म्हणाली, "मांडाले बोटं लागत नही, दादा. हात लागस."

"एकट्या करता?"

तिला तो प्रश्नच कळला नाही. माझ्याकडे पाहिलं तिनं, की हा काय विचारतोय. मग त्याला म्हणाली, "एकली कोन करस मांडा? तुन्ही माय करस का एकली?"

त्याच्या बाजूला एक म्हातारे डॉक्टर होते, इकडलेच असावेत, ते हसले आणि म्हणाले, बाई बरोबर बोलते आहे, गोळा कोणी भरून दिला ते विचारा. तरुण डॉक्टरनं विचारलं. अक्कानं माझ्याकडे कोपर केलं. मग त्यानं टेबलावरची एक गोळीची पट्टी तिच्यापुढं ठेवली आणि एक गोळी काढून दाखवायला सांगितली. अक्कानं पट्टीकडे पाहिलं. तिला काही युक्ती सुचत होती, मला कळत होतं. दातांनी निघाली असती. तिनं पट्टी कोपरानं त्याच्याकडे परत सरकवली.

"नही येत," म्हणाली. बस, एवढंच.

डॉक्टरांनी लिहायला घेतलं. बाहेर आल्यावर अक्का म्हणाली तहान लागली. नळापाशी मी ओंजळ केली, ती माझ्या ओंजळीतून पाणी प्यायली, भर दवाखान्यात, लोकांसमोर. मला वाटतं त्या दिवशी ती खूप दमली होती.

पोळ्याच्या आधी कागद आला. अनुदान पुन्हा सुरू. दीर बैलांना रंग लावून आला, जेवून एकटाच परत गेला. खरं सांगायचं तर त्यालाही हायसं वाटलं असावं.

त्यानंतरची अक्का थोडी निराळी होती. थोडीच. पोरींना तीन पेडी शिकवणं सुरूच होतं, ते तिचं व्यसन होतं. पण आता कधी कधी नुसतंच म्हणायची, एवढं करून दे. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा समोरची बाई गोंधळून विचारत होती, का, काय झालं? आपल्याला सवय नसते ना, नुसतं मागणाऱ्याची.

पुढं काही वर्षांनी धुळ्याच्या भाचीनं तिला मुलाच्या बारशाला बोलावलं. आम्ही दोघी पारोळ्याच्या स्टँडवर आलो, मी तिला धुळ्याच्या गाडीत बसवलं. खिडकीची जागा मिळाली. मी खाली उभी. गाडी सुटायला वेळ होता, भाजक्या शेंगांचा पुडा मी तिच्या मांडीवर ठेवला आणि ठेवल्यावर जीभ चावली. इतक्या वर्षांत मी तिला शेंगा सोलताना कधी पाहिलं नव्हतं. कुणी देऊ केल्या तर दात नाहीत म्हणायची, दात तर माझ्यापेक्षा धड होते.

शेजारी एक नवी नवरी बसलेली, हिरवा चुडा, माहेराहून निघालेली असावी, रडून डोळे सुजलेले. अक्कानं पुडा तिच्या मांडीवर सरकवला.

"हाई फोडी दे व माय. मन्हा हातले येत नही."

त्या पोरीनं हातांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. डोळे पुसले आणि एक शेंग फोडली. दाणे अक्काच्या तोंडात घातले, एक आपल्या तोंडात टाकला. मग दुसरी. अक्का चावत चावत काहीतरी विचारत होती, कुठल्या गावाची, सासू कशी आहे, असंच काहीतरी असणार, आणि ती पोर सांगायला लागली होती. टरफलं दोघींच्या मांडीवर सांडत होती.

गाडी हलली. मी हात वर केला. पुढं धुळ्यालाच अक्का आजारी पडली आणि तिथंच गेली, तेव्हा मी तिला पाहिलं ते हे शेवटचं. पण तिनं काही माझ्याकडे पाहिलं नाही. ती पोर बोलत होती आणि अक्का पुढच्या दाण्यासाठी तोंड उघडून ऐकत होती.